भाषणातली समता अण्णांनी आधी स्वतःच्या चुलीपर्यंत नेली. त्याची किंमत घरानं मोजली

दरवर्षी २२ सप्टेंबरला आपल्या मोबाइलवर एक फोटो फिरतो. पांढरी दाढी, अंगावर खादी, नजर सरळ समोर. खाली विनम्र अभिवादन लिहिलेलं असतं. आपणही तो पुढच्या ग्रुपवर पाठवतो आणि कामाला लागतो. चोवीस तासांनी स्टेटस निघून जातं.

फोटो कर्मवीर भाऊराव पाटलांचा, म्हणजे आपल्या अण्णांचा. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात रयतेच्या शाळेत कुणीच शिकलेलं नाही असं घर शोधावं लागेल. माण-खटावच्या माळावर जा नाहीतर पाटणच्या डोंगरात जा, वडाच्या झाडाचं बोधचिन्ह असलेली शाळा दिसतेच. त्यामुळे अण्णांनी शाळा काढल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या शाळा काढताना त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे.

विहिरीवरचा पोरगा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत, आई गंगाबाई. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं आणि मानही होता. रीतभात, सोवळं-ओवळं काटेकोर पाळणारं हे कुटुंब.

पोरगा मात्र हट्टी. लहानपणाची एक गोष्ट त्या भागात अजून सांगितली जाते. विहिरीवर अस्पृश्य बायामाणसं पाण्यासाठी ताटकळत उभी होती आणि त्यांना कुणी पाणी देईना. ते बघून हा पोरगा असा चिडला की त्यानं विहिरीवरचा रहाटच मोडून आत टाकला. त्यांना पाणी नाही, तर मग कुणालाच नाही.

पोराचा राग म्हणून लोकांनी ते सोडून दिलं असेल. पण वय वाढलं तरी हा राग काही निवला नाही.

एक अंघोळ नाकारली आणि वसतिगृह सुटलं

पुढं शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरात आले. राजाराम हायस्कूलमध्ये शाळा आणि राहायला जैन वसतिगृह. तो राजर्षी शाहू महाराजांचा काळ. महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले.

परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की अंघोळ करूनच आत यायचं. शिवाशिव झाली होती ना!

आता विचार करा. अंघोळ ही काय मोठी गोष्ट होती? दोन तांबे पाणी अंगावर घेतलं असतं तर जेवण, राहणं, शिक्षण सगळं शाबूत राहिलं असतं. मनातला विचार मनात ठेवता आला असता. पण भाऊरावांना ते जमलं नाही. अंघोळ केली तर आपण विटाळलो हे कबूल केल्यासारखं होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सुटलं. पुढं काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिले. शाळेपेक्षा तालमीत जास्त रमले आणि मॅट्रिकपर्यंतही पोचले नाहीत. शेकडो शाळा काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं शिक्षण असं अर्धवट राहिलं.

ज्यांच्यामुळं बाहेर पडावं लागलं, त्यांच्याविरुद्धही खोटी साक्ष नाही

पुढं भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. लग्न झालं होतं, संसार सुरू झाला होता. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, मोठ्या पाटील घराण्यातल्या, अंगावर भरपूर सोनं घेऊन आलेल्या.

अशात १९१४ साल आलं. कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. मोठी खळबळ उडाली. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेतला गेला. लठ्ठे म्हणजे जैन समाजातले मोठे विद्वान. भाऊरावांना बाहेर काढलं, त्या वसतिगृहाचा कारभार त्यांच्याकडेच होता.

भाऊरावांना सांगण्यात आलं, की लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे. साक्ष खोटी होती. जुना हिशेब चुकता करायची आयती संधी चालून आली होती आणि वर सरकारची मर्जीही मिळाली असती. आपल्याकडे भावकीच्या भांडणात, बांधाच्या वादात खोटी साक्ष किती सहज दिली जाते, हे आपण कोर्टाच्या आवारात बघतोच.

भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना डांबलं, छळलं. तो छळ इतका होता की स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न करण्यापर्यंत ते गेले. तरी जे घडलं नाही, ते घडलं असं म्हणाले नाहीत. शेवटी ते सुटले.

इथं आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा छळ झाला तो शाहू महाराजांच्याच राज्यात. दुसरा कुणी असता तर जन्मभर महाराजांचं नाव घेतलं नसतं. पण दहा वर्षांनी साताऱ्यात स्वतःचं वसतिगृह काढलं तेव्हा अण्णांनी त्याला नाव दिलं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. आपल्याला झालेला त्रास एका बाजूला आणि त्या माणसाचं काम दुसऱ्या बाजूला. दोन्हीची गल्लत त्यांनी केली नाही.

नांगर विकता विकता दिसलेली गावं

तुरुंगातून सुटल्यावर पोटापाण्यासाठी अण्णांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम धरलं. तेव्हा शेतकरी लाकडी नांगर वापरायचा. लोखंडी नांगराकडे तो संशयानं बघायचा. मग बांधावर उभं राहायचं, नांगर चालवून दाखवायचा, शेतकऱ्याला पटवायचं. या कामानं अण्णांना गावन् गाव फिरवलं.

फिरताना दिसत काय होतं? रान पिकवणारा माणूस सावकाराच्या चोपडीवर अंगठा उठवतोय. त्या चोपडीत काय लिहिलंय, ते त्याला वाचता येत नाही. पोरगं गुरामागं. शाळा लांबच्या मोठ्या गावात, आणि तिथं राहायची-जेवायची सोय नाही. पोरगं हुशार असलं तरी घोडं अडायचं ते भाकरीपाशी.

म्हणून अण्णांच्या कामाची सुरुवात वसतिगृहापासून झाली. मित्रांबरोबर दुधगावला १९१० सालीच त्यांनी मुलांच्या राहण्याची सोय करून बघितली होती. त्या अनुभवावर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. मागं महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा आधार होता. पैसा नव्हता. गावातून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं आणि त्यावर पोरं जेवायची.

मधल्या काळात साताऱ्यात कारखाना उभारण्यातही अण्णांचा हात होता. तिथं राहिले असते तर बक्कळ पैसा मिळाला असता. पण पोरांच्या शिक्षणाला मदत होईल ही आशा मावळली, तसे ते तिथून बाहेर पडले. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यात आला.

खरी परीक्षा उंबऱ्याच्या आत

आता मूळ मुद्द्याकडं येऊ.

सत्यशोधकी सभेत उभं राहून जात मोडा म्हणणारे त्या काळी बरेच होते. सभा संपली की घरी जायचे, हातपाय धुवायचे, आणि घरात जे चालत आलंय ते चालू राहायचं. आजही वेगळं काय आहे? स्टेजवरचं भाषण एक आणि घरातली वेगळी कपबशी एक, असं चित्र पूर्ण गेलंय असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

अण्णा पोरं घेऊन थेट घरी आले. वसतिगृह नीट उभं राहायच्या आधी त्यांचं राहतं घर हेच वसतिगृह होतं. त्यात मराठा पोरं, मुसलमान पोरं, महार-मांगांची पोरं. सगळी एका पंगतीला, एका भांड्यातलं जेवणारी.

आणि हे जेवण रांधायचं कुणी? लक्ष्मीबाईंनी.

सोवळ्यात वाढलेली, सुखवस्तू पाटलाघरची ही लेक. अण्णांनी पुस्तकं वाचली होती, शाहू महाराजांना जवळून बघितलं होतं, फुल्यांचा विचार पचवला होता. लक्ष्मीबाईंना यातलं काही मिळालं नव्हतं. त्यांना मिळालं होतं ते माहेरचं वळण. कुणाचा स्पर्श चालतो, कुणाचा नाही, हे त्या वळणात पक्कं बसलेलं. नवऱ्याचा विचार त्यांच्या घरात एक दिवस पोरांच्या रूपानं येऊन उभा राहिला, आणि त्या पोरांना भूक लागलेली होती.

हे सोपं गेलं नसणार. नातेवाईक काय म्हणाले असतील, सणावाराला कुणी पाठ फिरवली असेल, आपल्या गावांकडं बघून याचा अंदाज कुणालाही येईल. पण हळूहळू लक्ष्मीबाईंचं सोवळं गळून पडलं. आईवेगळ्या, घरावेगळ्या पोरांच्या तोंडाकडं बघता बघता ते झालं. आजारी पोराच्या उशाशी बसणं आलं, नहाणं-धुणं आलं. ज्या पोरांची सावली टाळायला त्यांना लहानपणी शिकवलं होतं, त्याच पोरांच्या त्या आई झाल्या. संस्थेत आजही त्यांना रयत माऊली म्हणतात.

पेटीतलं सोनं संपलं

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतात, एकत्र जेवतात, स्वतःची कामं स्वतः करतात, हे बघून गांधीजी खूश झाले. मोठा दिवस होता तो.

पण समारंभ झाल्यानं कणगीत धान्य पडत नाही. पोरं वाढत होती आणि खाणारी तोंडं वाढत होती. अण्णा सतत दौऱ्यावर. कुणाकडं धान्य माग, कुणाकडं लाकूड माग, कुणाकडं जागा माग. मागं बोर्डिंग सांभाळायला लक्ष्मीबाई.

लग्नात आलेलं सोनं एकेक करून बाहेर पडू लागलं. आज पाटल्या, उद्या आणखी काही. घरचा विवाह नाही, आजारपण नाही, दुष्काळ नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या भाकरीसाठी हे सोनं मोडलं जात होतं.

एक प्रसंग साताऱ्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. अण्णा बाहेरगावी गेले होते. बोर्डिंगातलं धान्य संपलं. पोरं उपाशी राहायची वेळ आली आणि पेटीत काही उरलं नव्हतं. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. त्या दिवशी पोरं जेवली.

नवरा हयात असताना सवाष्णीनं मंगळसूत्र उतरवणं याचा अर्थ त्या काळी काय होता, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा. अंगावर काटा येईल. अण्णांनी वसतिगृहात अंघोळ नाकारली तेव्हा त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं. इथं मात्र विचार त्यांचा होता आणि गळा लक्ष्मीबाईंचा. तत्त्वानं जगणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही बाजू बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. खरं तर हिशेब मांडायला बसलं तर अण्णांच्या नावावर जेवढं जमा आहे, तेवढंच या बाईच्या नावावर आहे.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं पहिलं हायस्कूल निघायला अजून दहा वर्षं होती. त्यांनी लावलेलं रोप त्यांनी रोपच बघितलं. वडाचं झाड झालेलं त्यांना दिसलं नाही.

फुकट काही नको, घाम गाळून शिका

अण्णा थांबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेज काढलं. ज्या वाड्या-वस्त्यांवर सरकारची शाळा पोचत नव्हती, तिथं शेकडो व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज, दोन्ही साताऱ्यात.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती. पोरानं लाचारीनं शिकायचं नाही. खडी फोडायची, रस्त्याचं काम करायचं, शेतात राबायचं, स्वयंपाक करायचा, आणि त्या कमाईवर शिकायचं. कमवा आणि शिका या नावानं ही रीत आज कॉलेजाकॉलेजात आहे. शिकला म्हणजे हाताला माती लावायची नाही, ही समजूत त्यांना मोडायची होती. म्हणून पाटलाचा पोरगाही खोरं धरायचा आणि त्याच्या शेजारी दलिताचा पोरगाही. घाम एकत्र गळाला की ताट वेगळं मांडायला जीभ रेटत नाही.

अनुदान बंद झालं तरी मान झुकली नाही

१९४८ ला गांधीजींचा खून झाला. अण्णांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प सोडला. पण त्याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचं वाजलं. अण्णांचं बोलणं रोखठोक होतं, ते वर रुचलं नाही आणि संस्थेचं अनुदान बंद पडलं.

अशा वेळी माणूस काय करतो? मुंबईला जातो, हात जोडतो, झालं गेलं विसरा म्हणतो. शेकडो शाळांचा आणि हजारो पोरांचा प्रश्न होता, त्यामुळं कुणी नावंही ठेवली नसती. अण्णा मुंबईऐवजी गावांकडं वळले. ज्यांच्या पोरांसाठी हे चाललं होतं, त्या लोकांनी आपापल्या कणगीतलं काढून दिलं. गाडगेबाबांनीही अण्णांसाठी सरकारात शब्द टाकला, असं सांगतात. पुढं अनुदान पुन्हा सुरू झालं. गाडगेबाबांचा लोभ अण्णांवर होताच. १९५४ ला कराडला कॉलेज निघालं, त्याला अण्णांनी सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

नावावरून आणखी एक किस्सा आहे. साताऱ्याच्या कॉलेजचं छत्रपती शिवाजी हे नाव बदललं तर मोठी देणगी देतो, असं म्हणणारा एक धनवान भेटला. पैशाची गरज तर रोजचीच होती. अण्णांनी उत्तर दिलं, की एक वेळ बापाचं नाव बदलेन, पण शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही. देणगी गेली, नाव राहिलं.

शेवटचा हिशेब

१९५९ च्या जानेवारीत अण्णांना पद्मभूषण मिळालं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. मॅट्रिकपर्यंत न पोचलेल्या माणसाला विद्यापीठाची ही सर्वोच्च पदवी. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचं निधन झालं. लोकांनी दिलेली कर्मवीर ही पदवी मात्र या दोन्हींच्या कितीतरी आधीची, आणि आज नावाआधी तीच लागते.

काल्यातल्या त्या सुरुवातीतून आज सातशेहून जास्त शाखा उभ्या आहेत. आपल्यापैकी कितीजण त्यातल्या एखाद्या वर्गात बसून बाहेर पडले, तलाठी झाले, शिक्षक झाले, फौजदार झाले, नाहीतर शेतीच करतायत पण सातबारा स्वतः वाचतायत.

मंडळी, अण्णांसारख्या शाळा आपण काढणार नाही. ते आपल्या आवाक्यातलंही नाही. पण अंघोळीचा, साक्षीचा आणि चुलीचा प्रसंग आपल्याही वाट्याला येतो, फक्त तो लहान असतो. रानात कामाला आलेल्या माणसाला चहा कुठल्या कपात द्यायचा, हा प्रसंगच असतो. बांधाच्या केसमध्ये भावकीच्या बाजूनं खोटं बोलायचं की नाही, हाही प्रसंगच. आणि घरातल्या कर्त्यानं एखादं तत्त्व धरलं, तर त्याचा भार घरातल्या बाईवर किती पडतोय, हे त्यानं विचारलं का, हाही.

येत्या २२ सप्टेंबरला फोटो जरूर पाठवा. जमलं तर त्याच्या शेजारी लक्ष्मीबाईंचाही लावा. आणि त्या दिवशी घरात चहा होईल तेव्हा कप सगळ्यांना सारखे आहेत ना, तेवढं एकदा बघा.